ग्रामीण वेस्ट व्हर्जिनियात वजन कमी करण्याचे औषध मिळवायचे कसे?

रानजाई

नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून वेस्ट व्हर्जिनियाच्या पोकाहोंटस काउंटीत राहतो. यजमान एका लाकूड प्रक्रिया कारखान्यात अभियंता आहेत आणि आमचा आरोग्यविमा त्यांच्या नोकरीतूनच मिळतो. माझे वय ४६, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ३४ च्या आसपास येतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गेल्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२ निघाले. आईला मधुमेह आहे, मामांनाही होता. मामांच्या पायाची दोन बोटे मिरजेला काढावी लागली तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते, त्यामुळे ६.२ हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

प्रयत्न केले नाहीत असे नाही. ग्रीनब्रायर नदीकाठच्या वाटेवर मी दोन वर्षे नेमाने चालते आहे, भात जवळजवळ सोडला आहे, रात्रीचे जेवण सातच्या आत होते. त्यातून ११ पौंड उतरले आणि पुढच्या हिवाळ्यात १४ चढले. इथल्या आरोग्यकेंद्रातील, औषधे लिहून देऊ शकणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर बाईंनी सगळे नीट ऐकून घेऊन ऑक्टोबरात वेगोव्ही हे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन लिहून दिले. चार दिवसांनी औषधांच्या दुकानातून फोन आला की विमा कंपनीने नकार दिला असून पूर्ण किंमत तेराशे डॉलरांच्या वर जाते. वजनावर उपचार करणारे मोठे केंद्र गाडीने जवळपास तीन तासांवर आहे आणि तिथे नव्या रुग्णाला कित्येक महिने थांबावे लागते. एका ऑनलाइन सेवेकडे नाव नोंदवले, पण आमचे घर ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीपासून फार दूर नाही. त्या दुर्बिणीसाठी राखलेल्या शांतता क्षेत्रामुळे मोबाइलचा सिग्नल येत नाही आणि घरचे इंटरनेटही जेमतेम चालते. व्हिडिओवरची भेट दोनदा मध्येच तुटली, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी न बोलताच पुढच्या महिन्याचे पैसे कापले.

कोल्हापूरचा भाऊ म्हणतो की भारतात आता हीच औषधे मिळतात आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे पेटंट संपले की ती आणखी स्वस्त होतील, तेव्हा मार्चअखेर आई येईल तिच्याबरोबर सहा महिन्यांची पाठवतो. मन तिकडे ओढ घेते, पण भीतीही वाटते. ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे की आता नेमके कोणते पाऊल आधी टाकावे.

खलबत्ता

रानजाई ताई, मी याच राज्याच्या दक्षिण भागात औषधविक्रेता म्हणून काम करतो, त्यामुळे तुमचे पत्र वाचताना आमच्या काउंटरवर रोज उभी राहणारी माणसे डोळ्यांपुढे आली. सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत वेस्ट व्हर्जिनियातील ४१ टक्क्यांहून अधिक प्रौढ लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत होते आणि देशात हे प्रमाण सर्वाधिक होते. जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच हे औषध पोचायला सर्वांत अवघड आहे, ही गोष्ट मला आतून अस्वस्थ करते.

तुमच्या पत्रात एक माहिती नाही आणि सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. विमा कंपनीने नकार कोणत्या कारणाने दिला? दुकानाच्या संगणकावर नुसता नकार दिसतो, पण नकार दोन प्रकारचे असतात आणि दोघांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिला प्रकार पूर्वपरवानगीचा, म्हणजे इथे ज्याला प्रायर ऑथरायझेशन म्हणतात त्याचा. औषध योजनेत बसते, पण कागद अपुरे आहेत, बीएमआय लिहिलेला नाही, सहा महिन्यांच्या आहार-व्यायामाची नोंद जोडलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा नकारावर भांडावे आणि चिकाटीने भांडावे, कारण तो बऱ्याचदा उलटतो. नकाराचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत कंपनीकडे अपील करता येते, आणि तेही फेटाळले गेले तर चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरच्या त्रयस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. तुमची नदीकाठची दोन वर्षे, उतरलेले ११ आणि चढलेले १४ पौंड, हे सगळे तारखांसह तुमच्या वैद्यकीय नोंदीत यायला हवे. तुम्ही घरी वहीत लिहिले असेल तर ती वही पुढच्या भेटीला घेऊन जा आणि बाईंना ते संगणकात चढवायला सांगा. नोंदीत नसलेले कष्ट विमा कंपनीच्या लेखी झालेलेच नसतात.

दुसरा प्रकार एक्सक्लूजनचा आहे. तुमच्या यजमानांच्या कंपनीने विमा घेतानाच वजन कमी करण्याची औषधे या योजनेत नकोत असे ठरवले असेल, तर डॉक्टरांनी कितीही सुंदर पत्र लिहिले तरी उपयोग होत नाही. माझ्यासमोर लोकांनी अशा अपिलांत चार-चार महिने घालवले आहेत. तेव्हा विमा कार्डाच्या मागच्या क्रमांकावर फोन करून दोनच प्रश्न विचारा: वेगोव्ही आणि झेपबाउंड, म्हणजे टिर्झेपटाइडचे तसेच इंजेक्शन, लठ्ठपणासाठी माझ्या योजनेतून वगळलेली आहेत का, आणि ही योजना सेल्फ-फंडेड आहे का? उत्तर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. सेल्फ-फंडेड असेल तर दाव्यांचे पैसे प्रत्यक्षात कारखानाच देतो, विमा कंपनी फक्त कारभार पाहते. अशा योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याचे विमा खाते त्यांच्यात फारसे काही करू शकत नाही. मग दाद मागायची जागा कारखान्याचे मनुष्यबळ खाते ही असते.

राज्याच्या सरकारी नोकरांचे उदाहरण देतो, म्हणजे हे निर्णय कसे होतात ते कळेल. त्यांच्या विमा संस्थेने २०१९ पासून सुमारे हजार सदस्यांसाठी या औषधांचा प्रायोगिक कार्यक्रम चालवला. लोकांची वजने उतरली, रक्तदाबाच्या गोळ्या कमी झाल्या, पण खर्च पेलत नाही म्हणून २०२४ मध्ये तो बंद करण्यात आला. तिथे औषध लागू पडते की नाही हा वाद नव्हता, पैसे कोणी भरायचे हा होता.

दुकानांविषयीही थोडे सांगतो. कित्येक लहान स्वतंत्र दुकाने ही औषधे ठेवत नाहीत, याचा राग त्यांच्यावर धरू नका. एक खोका आम्ही ज्या किमतीला घेतो, त्याहून कमी रक्कम विमा आणि दुकान यांच्यामधल्या दलाल कंपन्यांकडून परत मिळते, त्यामुळे खोक्यामागे पदरचे पैसे घालावे लागतात. कोविडच्या लसी सुरुवातीला याच राज्यातील लहान दुकानांनी वृद्धाश्रमांत जाऊन टोचल्या आणि साऱ्या देशाने त्याची वाखाणणी केली. तीच दुकाने आज या औषधाला नाही म्हणतात, ती नाइलाजाने.

आता पैसे भरून घेण्याचा मार्ग. वेगोव्ही आणि झेपबाउंडच्या दोन्ही उत्पादक कंपन्या आता विम्याला बाजूला ठेवून थेट रुग्णाला औषध विकतात. वेगोव्हीचा भाव नोव्हेंबर २०२५ मध्ये महिन्याला ३४९ डॉलर झाला. झेपबाउंडच्या कुप्या डिसेंबर २०२५ मध्ये २.५ मिलिग्रॅमला २९९, ५ मिलिग्रॅमला ३९९ आणि त्यावरच्या मात्रांना ४४९ डॉलर अशा झाल्या, मात्र मोठ्या मात्रांना हा भाव टिकवायचा तर ४५ दिवसांच्या आत पुढची मागणी नोंदवण्याची अट होती. कुपी म्हणजे तयार पेन नव्हे, सुईने अर्धा मिलिलिटर औषध स्वतः ओढून घ्यावे लागते. त्यासाठी दूरच्या डॉक्टरांची गरज नाही. तुमच्या नर्स प्रॅक्टिशनर बाईच ही चिठ्ठी त्या कंपनीच्या फार्मसीला पाठवू शकतात.

एक सूचना मात्र जीव तोडून करतो. जानेवारीत हे पार्सल घराबाहेरच्या टपालपेटीत पडू देऊ नका. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. प्रवासात थोडे कोमट झाले तर चालते, वेगोव्ही ३० अंशांपर्यंत २८ दिवस आणि झेपबाउंड २१ दिवस टिकते, पण एकदा गोठले की ते टाकूनच द्यायचे. वितळल्यावर ते पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते आणि म्हणूनच लोक फसतात. दिवसभर माणसांचा वावर असलेल्या पत्त्यावर, उदाहरणार्थ यजमानांच्या कार्यालयावर, ते मागवा.

दूर्वांकुर

मी मोंटाना राज्यात राहते आणि दीड वर्षापासून टिर्झेपटाइड घेते आहे. भावाच्या प्रस्तावाबद्दल लिहिते, कारण मीही हाच विचार केला होता.

भारतात मौन्जारो, म्हणजे तेच टिर्झेपटाइड, मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये अधिकृतपणे आले, ही गोष्ट खरी आहे. पण परदेशी बाजारासाठी बनवलेले औषध इथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या दृष्टीने मान्यताप्राप्त नसते आणि ते स्वतःसाठी आणणेही साधारणपणे बेकायदाच ठरते. गंभीर आजारावर इथे उपचारच उपलब्ध नसेल तर तीन महिन्यांपुरत्या साठ्याकडे कधी कधी काणाडोळा केला जातो, पण हे औषध इथे मिळत असल्यामुळे ती सवलत आपल्याला लागू होत नाही. सहा महिन्यांचा साठा तर त्या मर्यादेच्याही बाहेर जातो. विमानतळावर तो खोका आईच्या हातात असेल आणि प्रश्नांची उत्तरे तिला द्यावी लागतील, या एका विचाराने मी माझ्या बहिणीला नको म्हणून कळवले.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मिश्रणांपासूनही जपा. औषधांचा तुटवडा होता तोवर फार्मसींना स्वतः सेमाग्लुटाइडचे मिश्रण करून विकण्याची मोकळीक होती. टिर्झेपटाइडचा तुटवडा डिसेंबर २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी २०२५ मध्ये संपल्याचे एफडीएने जाहीर केले आणि ती मोकळीक संपली, तरी जाहिराती चालूच आहेत. त्या कुप्यांवर मात्रा कधी मिलिग्रॅममध्ये तर कधी युनिटमध्ये लिहिलेली असते. त्या घोळात लोकांनी कित्येक पट औषध टोचून घेतल्याच्या आणि रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना एफडीएने २०२४ मध्येच नोंदवल्या आहेत. ज्या सेवेने तुमच्याशी न बोलता पैसे कापले, तिला लेखी कळवून बँकेकडेही हरकत नोंदवा.

हिमरेषा

मी नॉर्थ डकोटातील एका लहान गावात फॅमिली डॉक्टर आहे. खलबत्ता यांनी नकाराचे दोन प्रकार फार नेमके मांडले आहेत, मी त्याला वैद्यकीय बाजू जोडते.

तुमचे निकष स्पष्ट आहेत. बीएमआय ३० किंवा अधिक असणे, अथवा २७ किंवा अधिक असून वजनाशी निगडित एखादा विकार असणे, अशी या औषधांची अट आहे आणि तुम्ही तीत नि:संशय बसता. आपल्या दक्षिण आशियाई शरीरात तुलनेने कमी वजनावरच पोटाभोवती चरबी साठते आणि साखर बिघडते, म्हणून मधुमेहाची तपासणी आशियाई वंशाच्या लोकांत बीएमआय २३ पासूनच करावी असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. मामांची आणि आईची हकिकत कौटुंबिक इतिहास म्हणून नोंदीत आलीच पाहिजे.

योजनेत वजनाची औषधे वगळलेली निघाली तरी दोन प्रश्न विचारायचे राहतात. पहिला साखरेचा. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून अधिक निघाले आणि मधुमेहाचे निदान पक्के झाले, तर हेच घटक ओझेम्पिक आणि मौन्जारो या नावांनी बहुतेक योजनांत मिळतात. आजार तिथवर जाण्याची वाट पाहा असे मी कधीच सांगणार नाही, पण तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्या. दुसरा प्रश्न झोपेचा. तुम्ही घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास अडकल्याचे यजमानांनी कधी पाहिले आहे का? डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, असलेल्या प्रौढांसाठी झेपबाउंडला मान्यता दिली, आणि वजनासाठी नकार देणाऱ्या काही योजना या निदानावर परवानगी देतात. तपासणीचे यंत्र घरपोच येते, एक रात्र बोटाला आणि नाकाला लावून झोपायचे असते. तासाला १५ किंवा अधिक वेळा श्वास अडखळला तर तो मध्यम प्रकार धरतात. निदान खरे असेल तरच ते कागदावर यायला हवे, हे वेगळे सांगायला नको, पण चाळिशीनंतरच्या बायकांच्या घोरण्याकडे घरचे आणि डॉक्टर दोघेही दुर्लक्ष करतात, म्हणून विचारले.

व्हिडिओ चालत नसेल तर तुमच्या आरोग्यकेंद्राला विचारा की त्यांच्याच खोलीत, त्यांच्या इंटरनेटवर बसून दूरच्या तज्ज्ञांशी बोलता येईल का. आमच्याकडे आम्ही हे नेहमी करतो आणि वजन, रक्तदाब, रक्त तपासणी तिथल्या तिथे होते. तज्ज्ञाकडे मात्र तुमच्या राज्याचा परवाना असलाच पाहिजे.

आमच्या राज्यातील बातमीचाही उलगडा करते, कारण मला त्याबद्दल फोन येतात. वैयक्तिक आणि लहान गटांच्या विम्याच्या आवश्यक लाभांत या गटातील औषधांचा समावेश करणारे नॉर्थ डकोटा हे २०२५ पासून देशातील पहिले राज्य ठरले. तरीही मोठ्या मालकांच्या सेल्फ-फंडेड योजनांना ते बंधनकारक नाही, त्यामुळे केवळ बातमी वाचून कोणी राज्य बदलण्याचा विचार करू नये.

औषध सुरू करण्यापूर्वी हे सांगा: घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला आहे का, तुम्हाला स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयाचे खडे झाले आहेत का, आणि गर्भनिरोधक गोळी चालू आहे का? टिर्झेपटाइडमुळे त्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आणखी एक गोष्ट पैशांच्या हिशेबासाठी महत्त्वाची आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले होते, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील दोन तृतीयांश परत चढले. म्हणून तीन महिन्यांचे पैसे जमले की सुरू करू, असे करू नका. दोन वर्षे पेलेल असाच मार्ग निवडा. तो कोणत्याच तऱ्हेने पेलत नसेल तर लिराग्लुटाइड या त्याच गटातील जुन्या औषधाचे जेनेरिक ऑगस्ट २०२५ पासून वजनासाठीही आले आहे. ते रोज टोचावे लागते आणि परिणाम कमी आहे, पण आमच्या काही रुग्णांना त्याचा चांगला आधार झाला आहे.

रानजाई

आपण सर्वांनी इतके आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यानंतर काय झाले ते कळवते, कारण माझ्यासारखी आणखी कोणी हे वाचत असेल.

विमा कंपनीला फोन केला. पाऊण तास थांबल्यावर तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितले की योजना सेल्फ-फंडेड आहे आणि वजनाची औषधे पूर्णपणे वगळलेली आहेत. ऑक्टोबरपासून मी ज्या अपिलाची तयारी करत होते ते करण्यात अर्थच नव्हता, हे तीन वाक्यांत कळले. फोन ठेवल्यावर थोडा वेळ रडू आले, पण दुसऱ्या दिवशी मोकळे वाटले.

झोपेची तपासणीही केली. यजमानांनी घोरण्याची तक्रार पूर्वीच केली होती, मी ती हसण्यावारी नेली होती. तासाला ११ असा आकडा आला, म्हणजे सौम्य प्रकार. तो मार्गही बंद झाला. हिमरेषा ताईंनी विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नाही अशी आहेत. आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून घाबरून कोल्हापूरहून तिचे जुने अहवाल मागवले, त्यात गाठ वगैरे काही नाही. भावाला औषध पाठवू नकोस असे कळवले आहे. तो जरा खट्टू झाला, पण विमानतळावर आईला उत्तरे द्यावी लागतील हे सांगितल्यावर त्याला पटले.

मग आम्ही दोघांनी एका संध्याकाळी दोन वर्षांचा हिशेब मांडला. जुनी गाडी आणखी दोन वर्षे चालवायची आणि यंदाची भारतवारी पुढे ढकलायची, असे ठरल्यावर झेपबाउंडच्या कुप्यांचा खर्च बसतो. नर्स प्रॅक्टिशनर बाईंनी चिठ्ठी पाठवली, पार्सल यजमानांच्या कार्यालयात आले. बाहेर उणे नऊ होते. खोका उघडून आधी थंड पिशव्यांना हात लावून पाहिला, त्या गार होत्या पण कडक नव्हत्या, आणि कुप्यांतले औषध पाण्यासारखे स्वच्छ होते. पहिले इंजेक्शन आरोग्यकेंद्रात बाईंसमोर स्वतः भरून घेतले. हात थरथरत होता, म्हणून सुईतला बुडबुडा काढायला तीनदा प्रयत्न करावा लागला. आज पाचवा आठवडा आहे, दोन दिवस मळमळ होते, बाकी ठीक आहे, आणि सात पौंड उतरले आहेत.

खलबत्ता दादा, तुम्ही मनुष्यबळ खात्याचे लिहिले होते, ते यजमानांच्या मनात राहिले. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की पुढच्या वर्षाची योजना उन्हाळ्यात ठरते. कारखान्यातील आणखी तीन कुटुंबांचीही हीच अडचण निघाली. त्यातील एका बाईंच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, आणि अशा रुग्णांतील पुढचा धोका कमी करण्यासाठी वेगोव्हीला मार्च २०२४ मध्ये वेगळी मान्यता मिळाली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांची चिठ्ठी त्या निदानाने आता नव्याने जाणार आहे. आम्ही चार कुटुंबे मिळून पत्र लिहितो आहोत. त्यात काय घालावे, विशेषतः खर्चाच्या बाजूने मालकाला काय पटते, हे कोणाच्या अनुभवात असेल तर कृपया इथेच लिहा. एप्रिलच्या आत ते द्यायचे आहे.